वायर ओलांडू नका

मानोजी शितोळे वायर कुणाला ओलांडू द्यायचा नाही. झोपलेल्या पोराला ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते म्हणतात, तसंच वायरीचं आहे असं त्याचं मत होतं. आमच्या ऑफिसातली वायर तेव्हा जमिनीवरून जायची, आणि नेमकी दारातून. कॉफीच्या खोलीतून मुलींकडे जायला दार तेवढं एकच. मग माणसाने जायचं कुठून? "वळसा घ्या," मानोजी सांगायचा. वळसा म्हणजे जिना उतरायचा, खालच्या चपलांच्या दुकानामागून जायचं आणि मागच्या लोखंडी जिन्याने पुन्हा वर यायचं. मी कॉफीचा ट्रे घेऊन एकदा तसा वळसा घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर साडी वर धरली आणि वायर ओलांडली. त्याने डोळे मिटून घेतले. माझी लाज वाटली म्हणून नव्हे, वायरीचा अपमान बघवेना म्हणून.

ऑफिस मल्लेश्वरमला होतं. मूर्तीसर मालक. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की काय आढळलं ते तोंडाने बोलून ठेवायचे. ते बोलणं आमच्याकडे यायचं आणि मुली ते कानाला लावून टाइप करायच्या. सगळं बोलणं साठवलेलं असायचं सरांच्या केबिनमधल्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये. तिथून एक काळी वायर निघायची आणि हारात फुलं ओवावीत तसे सगळे कॉम्प्युटर ओवत शेवटच्या टेबलापर्यंत जायची. डॉक्टरांचा आवाज त्या वायरीतून मुलींच्या कानात. वायर धड असली की डॉक्टर धड बोलायचा. वायरीचं काही बिनसलं की डॉक्टर तोतरा व्हायचा. "पेशंटच्या, पेशंटच्या, पेशंटच्या," आणि पुढे गप्प. शीला म्हणून सगळ्यात जुनी टायपिस्ट होती, ती म्हणायची, "अक्का, याचा पेशंट मरेल तरी याचं वाक्य संपायचं नाही."

मी तिथे झाडलोट करायची आणि कॉफी. मी निपाणीकडची, चौथी शिकलेली, नवऱ्यामागे बेंगळूरला आलेली. मानोजी इथलाच. त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून आले म्हणायचा. घोडे पुढे कुठे गेले ते सांगत नसे. बोलायचा मराठीच, पण त्यात कन्नड मीठ टाकल्यासारखं. "अक्का, स्वल्प सरक. वायर बघतो." "सरी, सरी, मिळाला रोग." स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं. ऑफिसात सगळे त्याला अण्णा म्हणायचे. मी वयाने मोठी, मी मानोजीच म्हणायची.

आधी तो टेलिफोनच्या तारा जोडायचा. ती नोकरी का सोडली याच्या त्याने मला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. सगळ्यांत साहेब गाढव होता एवढं सारखं. मग मूर्तीसरांनी त्याला ठेवला, कारण कॉम्प्युटरचं नेटवर्क ही काय भानगड आहे हे सरांना माहीत नव्हतं आणि मानोजीला ते माहीत आहे असं मानोजीनेच सांगितलं होतं. थोडंफार माहीत होतंही. वायर तुटली तर जोडायचा. दोन्ही टोकांना बोटाच्या पेरासारखी एकेक धातूची टोपी लागते, ती पडली की सगळं ठप्प, हेही त्याने शोधलं होतं. "डोकं उघडं ठेवून कुणी देवळात जातं का?" असं त्याचं त्यावरचं स्पष्टीकरण. कुठल्या देवळात टोपी घालून जातात, हे मी विचारलं नाही.

रोग शोधायची त्याची पद्धत ठरलेली. आधी सगळ्यांना गप्प करायचं. पंखे बंद, बोलणं बंद, बांगड्या वाजल्या तरी वळून बघायचा. मग वायर कानाला लावून टेबलाटेबलाने पुढे सरकायचं. शेवटी वायरीचं टोक सोडवून जिभेला लावायचं. आंबट लागलं तर वायर चांगली. गोड लागलं तर बदलायची. एकदा तिखट लागली. शीला शेजारी बसून शेंगदाण्याची चटणी खात होती. त्याने अर्धी वायर कापून टाकली आणि नवी घातली.

लोक ओलांडतात म्हणून शेवटी त्याने वायर जमिनीवरून उचलली आणि भिंतीवरून नेली, दाराच्या चौकटीच्या वरून, सगळ्या खोल्यांतून. तिथे नवी अडचण निघाली. भिंतीला कोपरे असतात. कोपऱ्यात वायर एकदम वळली की आवाज आपटतो, असं तो म्हणाला. "अक्का, तू पळत येऊन कोपऱ्यात वळलीस तर?"

"मी पळत नाही."

"समज पळालीस."

"मग पडेन."

"सरी. डॉक्टरपण पडतो."

मग त्याने माझ्या कॉफीच्या खोलीतले बिस्किटांचे गोल डबे नेले आणि प्रत्येक कोपऱ्यात छताजवळ एकेक ठोकून बसवला. वायर डब्यांवरून गोल वळायला लागली. डॉक्टर सुधारला की नाही, मला कळलं नाही. माझी बिस्किटं मात्र त्या दिवसापासून कागदात ठेवावी लागली आणि मुंग्या लागल्या. येणारा पाहुणा वर बघायचा आणि काही न विचारता खुर्चीवर बसायचा.

आता आयुधपूजेचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. नवरात्राच्या शेवटी इथे हत्यारांची पूजा असते. रिक्षावाला रिक्षाची करतो, शिंपी मशीनची करतो, आमच्याकडे कॉम्प्युटरची. प्रत्येकाच्या कपाळाला गंध, कुंकू, मोठ्या कॉम्प्युटरपुढे कोहळा फोडायचा. मूर्तीसर सगळ्यांना चुरमुरे आणि बर्फी वाटायचे. त्या वर्षी मानोजी म्हणाला, कॉम्प्युटरला गंध लावता, वायरीला कोण लावणार? राबते कोण? त्याने बाजारातून झेंडूच्या आणि आंब्याच्या पानांच्या लांब माळा आणल्या आणि सगळ्या दारांवरून, सगळ्या भिंतींवरून वायरीला बांधल्या. घरमालक भिंतीला आणखी खिळे मारू देत नव्हता, डबे ठोकले तेव्हाच त्याने आरडाओरडा केला होता. माळा खाली घसरायला लागल्या तशा मानोजीने त्या लांब टाचण्यांनी वायरीला पक्क्या केल्या. छान दिसत होत्या, खोटं कशाला बोलू. लग्नघर वाटत होतं.

पण पूजेची माळ हाताने काढायची नाही, ती आपण होऊन गळून पडली पाहिजे, हा त्याचा पुढचा नियम. दारावरचं तोरण वर्षभर राहतंच, ते मला मान्य. पण तोरण झाडणारीच्या डोक्यावर गळत नाही. झेंडू वाळला, पानं वाळली, रोज सकाळी चुरा. मी म्हटलं, "मानोजी, तुझी पूजा मी किती दिवस झाडू?" तो म्हणाला, "पडेल, अक्का. देवाचं आहे, स्वल्प वेळ लागतो."

थंडी गेली, शिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं. आणि डॉक्टर तोतरा झाला.

सकाळी ठीक असायचा. दुपारी जेवणं झाली की सुरू, "पेशंटच्या, पेशंटच्या." एक पान टाइप व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात पूर्वी चार व्हायची. मूर्तीसर केबिनमधून येऊन मानोजीकडे बघायचे. मानोजी वायर कानाला लावायचा. त्यासाठी पंखे बंद करायला लावायचा, आणि पंखे बंद असताना वायर बरी वाटायची. "मी हात लावला की सुधारते," तो म्हणायचा, "मी गेलो की रुसते." मग पंखे सुरू व्हायचे आणि ती रुसायची.

दुपारीच का, यावर त्याने खूप विचार केला. पहिल्यांदा त्याने जेवणाला धरलं. मुली बिसीबेळे भात खातात, त्याची वाफ वायरीला लागते, वायर जड होते. मुली जिन्यात बसून जेवायला लागल्या. डॉक्टर तोतराच. मग त्याने अमेरिकेला धरलं. आपल्याकडे दुपार म्हणजे तिथे रात्र, डॉक्टर पेंगतो. शीला म्हणाली, "अण्णा, बोलणं कालच येऊन पडलंय. तो आता झोपला काय, मेला काय, काय फरक पडतो?" मानोजीने तिच्याकडे असं पाहिलं की तिने चटणी खाल्ली म्हणून वायर कापली होती ते तिला आठवलं असावं. तिने यंत्र पुन्हा कानाला लावलं.

मग मूर्तीसरांनी त्याला बोलावून सांगितलं. दार उघडं होतं, मी कप उचलत होते. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका मोठ्या कंपनीकडून काम मिळायचं होतं. त्यांचा माणूस, थॉमस म्हणून, येऊन एक दिवस बसणार, मुली कशा काम करतात ते बघणार. "मानोजीराव," सर म्हणाले, "त्या दिवशी डॉक्टर अडखळला तर काम गेलं. काम गेलं तर मी नवी माणसं आणून सगळं उपटून टाकणार. मग तुम्ही घरी."

घरी म्हणजे काय ते मला माहीत होतं. त्याचा मेहुणा के. आर. पुरमला पिठाची गिरणी चालवायचा आणि मानोजीने तिथे येऊन बसावं म्हणून मागे लागला होता. त्याच्या बायकोने, तुळसाने, सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की आमचे हे इंजिनियर आहेत, कॉम्प्युटरचे. आता तोच माणूस अंगाला पीठ लावून गिरणीच्या दारात बसणार. त्या दुपारी मानोजीने कॉफी घेतली नाही. "अक्का," म्हणाला, "नाचणी दळायला येतात ना बायका, त्या फार बोलतात."

"तू ऐकू नको."

"दळणाचा आवाज असतो, तरी ऐकू येतं."

दोन-चार दिवसांनी करंट गेला. उन्हाळ्यात रोजच जायचा. कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून टेबलाखाली बॅटरीचे डबे होते, त्यावर थोडा वेळ चालायचे. पंखे मात्र बंद. आम्ही वह्यांनी वारा घेत बसलो. आणि शीला म्हणाली, "अण्णा, डॉक्टर छान बोलतोय."

मानोजी उठून उभा राहिला. करंट आला, पंखे फिरले, डॉक्टर तोतरा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मानोजीचा चेहरा देव दिसल्यासारखा झाला. पंखा कुणाच्या डोक्यात आला नाही, माझ्याही नाही. डोक्यावरच फिरत होता, पण वारा देणाऱ्या गोष्टीवर माणूस संशय घेत नाही. "सरकारी करंट मंद आहे," मानोजीने मूर्तीसरांना सांगितलं. "बॅटरीचा करंट आपला. घरचा. थॉमस येईल त्या दिवशी मी फ्यूज काढून ठेवतो." सरांनी थोडा विचार केला. दुसरं काही सुचत नसलं की माणूस जसा विचार करतो, तसा.

थॉमस आला. इतका उंच की दारात वाकावं लागलं. सूट घातलेला, गळ्यात टाय. बाहेर रस्त्याचा आवाज म्हणून खिडक्या बंद, करंट नाही म्हणून अंधार, मुलींच्या तोंडावर कॉम्प्युटरचा उजेड. तो वर कोपऱ्यातल्या डब्यांकडे बघत राहिला. शीलाच्या शेजारी बसून त्याने यंत्र कानाला लावलं. डॉक्टर घडाघडा बोलत होता. शीला घडाघडा टाइप करत होती. थॉमसने मान हलवली. मूर्तीसर हसले. मानोजी दारात खिशातला फ्यूज धरून उभा, देवाचा प्रसाद धरावा तसा.

थॉमसच्या कपाळावरून घाम गळायला लागला. त्याने टाय सैल केला, कोट काढला. मी पाणी दिलं. तो खिडकीपाशी गेला, बाहेर बघितलं, आणि म्हणाला, "समोरच्या दुकानात रसाचं मशीन चालू आहे."

मूर्तीसर टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"खाली चपलांच्या दुकानातही दिवे आहेत. करंट फक्त तुमच्याकडेच नाही?"

आणि तेवढ्यात टेबलाखालचे बॅटरीचे डबे एकेक करून टीं टीं करायला लागले. संपत आले होते. मूर्तीसरांनी मानोजीकडे बघितलं. मानोजी गिरणीकडे जावं तसा मीटरकडे गेला आणि त्याने फ्यूज बसवला.

पंखे सगळे जोरावर ठेवलेले होते, ते एकदम फिरले. थॉमस शीलापाशी परतला आणि त्याने पुन्हा यंत्र कानाला लावलं. "पेशंटच्या, पेशंटच्या, पेशंटच्या." त्याच्या भुवया वर गेल्या.

"या डॉक्टरला काय झालं?"

शीला म्हणाली, "जेवल्यावर त्यांचं असंच होतं, सर."

थॉमस उठून उभा राहिला. एवढा उंच माणूस एकदम उठला, तर डोकं कुठे लागणार? वाळून खाली लोंबलेली माळ वरच हेलकावे खात होती. त्याच्या डोक्यात अडकली, त्याने मान झटकली, आणि आयुधपूजेपासून लटकलेली ती अख्खी माळ सगळ्या भिंतीवरून सटासट सुटत आली आणि त्याच्या गळ्यात पडली. झेंडूचा चुरा त्याच्या पांढऱ्या शर्टावर, आंब्याची पानं खांद्यावर. तो तसाच उभा.

मूर्तीसरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. धंदा करणारा माणूस होता, नाव ठेवायला जागा नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही पदराला हात पुसून वाजवल्या. थॉमसने इकडेतिकडे बघितलं, आणि काय समजला कोण जाणे, हात जोडले. मग मूर्तीसरांनी त्याच्या कपाळाला कुंकूही लावलं. डब्यांकडे आणि अंधाराकडे तो मघाशी ज्या नजरेने बघत होता ती नजर आता निवळली. ही मंडळी जुन्या रीतीची आहेत, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं असावं. तो पुन्हा बसला, यंत्र कानाला लावलं. डॉक्टर स्वच्छ बोलत होता. पंखे गरगर फिरत होते आणि डॉक्टर बोलत होता.

मानोजी आत आला होता. तो जमिनीकडे बघत होता. फरशीवर टाचण्या पसरल्या होत्या, लांब, गंजलेल्या. एक त्याने उचलली, वर वायरीकडे बघितलं, पुन्हा टाचणीकडे बघितलं. मग तो पंख्याकडे बघत राहिला. मी केरसुणी आणायला गेले.

संध्याकाळी त्याने मला समजावलं. त्या वायरीत दोन तारा असतात, एक आत मधोमध आणि एक तिच्याभोवती जाळीसारखी, आणि दोघींनी एकमेकींना कधी शिवायचं नसतं. टाचणी कातडीतून, जाळीतून आत पोचली होती. पंख्याने माळ हलली की टाचणी हलायची आणि दोघींना शिवायची. थंडीत पंखे बंद, म्हणून थंडीत रोग नाही. सकाळी पंखे बंद, म्हणून सकाळी नाही. करंट गेला, पंखे बंद.

"म्हणजे तूच," मी म्हटलं.

"म्हणजे मीच."

काम मिळालं. दुसऱ्या दिवशी मानोजी केबिनमध्ये गेला आणि सरांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. दार उघडंच होतं. जन्मभर ज्याने प्रत्येक गोष्टीचं श्रेय स्वतःला घेतलं, तो माणूस म्हणाला, "रोग मीच लावला होता, सर. टाचण्या माझ्या. पडली ती माळ, मी काही केलं नाही." मूर्तीसर ऐकत राहिले आणि त्यांचे डोळे ओले झाले. "मानोजीराव," म्हणाले, "असा नम्रपणा आजकाल कुठे बघायला मिळतो?" मानोजीने पुन्हा सांगितलं. सरांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिसऱ्यांदा सांगायला लागला तेव्हा त्यांनी मला बर्फी आणायला पाठवलं. त्याने आयुष्यात एकदा खरं सांगितलं आणि तेच कुणी मानलं नाही.

त्यानंतर ऑफिसात टाचणीला बंदी आली. कॅलेंडर खळीने चिकटवलं, ते सोलून दर महिन्याचं पान फाडता येईना, आमच्याकडे वर्षभर एप्रिल राहिला. मुलींच्या साडीच्या पदराला पिन असायची, ती दारात काढून द्यायची. मला म्हणाला, "अक्का, तुझ्याकडे?" मी म्हटलं, "माझ्याकडे सुई आहे. टोचू?" मला त्याने सोडलं.

पुढच्या की त्याच्या पुढच्या वर्षी निळ्या वायरी आल्या. प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळी, सगळ्या एका खोक्यात जाऊन मिळायच्या, एकीला काही झालं तर दुसरीला पत्ता नाही. त्या लावायला आलेल्या माणसांनी डबे उतरवून मला परत दिले. मानोजीला काही काम उरलं नाही. सरांनी त्याला शाल दिली, नारळ दिला, आणखी काय पाहिजे विचारलं. तो म्हणाला, काळी वायर द्या. ती अख्खी गुंडाळी खांद्यावर टाकून, दोन्ही टोकांच्या टोप्यांसकट, तो जिना उतरला. गिरणीत गेला.

बऱ्याच वर्षांनी माझ्या भाच्याकडे के. आर. पुरमला गेले होते. परत येताना स्टेशनच्या वाटेवर त्याची गल्ली लागली. तुळसा दारात होती. अंगणात या खांबापासून त्या खांबापर्यंत ती काळी वायर बांधलेली, दोन्ही टोकांना टोप्या, आणि तिच्यावर धुणं. "बघा अक्का," तुळसा म्हणाली, "चिमटा लावू देत नाहीत. वायरीला टोचतं म्हणे. रोज कपडे उडतात. शेजारीण म्हणते, तुमचे इंजिनियर आमच्या गच्चीवर लुंगी शोधत होते."

"तो कुठे आहे?"

तिने हात केला. गल्लीच्या तोंडाशी वाऱ्याने उडालेली पांढरी चादर रस्त्यावर आडवी पसरली होती. तिच्यापलीकडे एक रिक्षा थांबली होती, आणि मधे मानोजी. केसांना, भुवयांना पीठ, हात वर केलेला.

"वळसा घ्या," तो रिक्षावाल्याला सांगत होता. "ओलांडायचं नाही. वळसा घ्या."

रिक्षावाला काहीतरी बोलला, ते लिहिण्यासारखं नाही. मग त्याने रिक्षा मागे घेतली आणि गटाराच्या कडेने वळसा घालून गेला. माझी गाडी यायची वेळ झाली होती. मी मानोजीला हाक मारली नाही. चादरीच्या कडेने वळसा घालून मीही गेले.